भाड्याचें चाक

साधन आणि साधक यांचा संबंध काय, हा प्रश्न फार जुना आहे; परंतु जुन्या प्रश्नांची एक खोड अशी, कीं ते प्रत्येक पिढीस नव्या आणि बहुधा क्षुल्लक दिसणाऱ्या वेषांत भेटतात. आमच्या काळीं तो ज्या वेषांत आला आहे तो पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. ट्रायथ्लॉन नांवाच्या शर्यतींत उतरणारा एखादा हौशी गृहस्थ, आपल्या सायकलीस शर्यतीचीं कार्बनचीं चाकें विकत घ्यावीं, कीं शर्यतीपुरतीं भाड्यानें आणावीं, या विवंचनेंत आठवडेच्या आठवडे घालवितो. मित्रमंडळी त्याला बेरीज-वजाबाकी करून देते, दुकानदार कोष्टकें दाखवितो, आणि घरचीं माणसें "घ्या एकदाचीं, पण हा विषय पुरे करा" असेंही म्हणतात. तरी त्याचें मन स्थिर होत नाहीं. हिशेब सुटल्यावरही जर मनाचा गुंता सुटत नसेल, तर त्या प्रश्नांत हिशेबापलीकडचें कांहीं तरी असलें पाहिजे. तें काय आहे हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

ज्यांस या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें या तीन गोष्टी एकामागून एक करावयाच्या, आणि पाण्यांत शिरल्यापासून धांवण्याची अखेरची रेघ ओलांडीपर्यंतचा सगळा वेळ, मध्यें कपडे बदलण्याचा सुद्धां, एकत्र मोजावयाचा, असें या शर्यतीचें स्वरूप आहे. हवाई बेटांपैकीं ओआहू बेटावर 1978 सालीं 'आयर्नमॅन' हा तिचा दीर्घ प्रकार प्रथम झाला. त्या दिवशीं अवघे पंधरा जण उतरले व बारा जण शेवटास गेले. 3.8 किलोमीटर पोहणें, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धांवणें हें त्याचें अंतर आजही कायम आहे. ऑलिंपिकमध्यें या खेळाचा प्रवेश 2000 सालीं सिडनी येथें झाला, तो बराच आंखूड होऊन. आमच्याकडे गोव्यांत, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, ऑक्टोबर 2019 मध्यें याच आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची शर्यत भरली: समुद्रांत 1.9 किलोमीटर पोहणें, मग 90 किलोमीटर सायकल, आणि शेवटीं 21.1 किलोमीटर धांवणें. हा चाकांचा प्रश्न मराठी घरांतून ऐकूं येऊं लागला आहे तो अशा शर्यतींमुळें.

आतां चाकांकडे वळूं. सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या सायकलस्वाराचा मुख्य शत्रु म्हणजे हवा. सायकलीचें वजन त्या मानानें गरीब बिचारें. वेग दुप्पट झाला म्हणजे हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो वेग टिकविण्यास लागणारी शक्ति आठपट होते. हा व्यवहार मोठा निर्दय आहे. सावकारानेंही चक्रवाढीचा असा दर सांगितला नसेल. त्यांतही चाकाची गंमत अशी, कीं सायकल ज्या वेगानें पुढें जाते त्याच्या दुप्पट वेगानें चाकाचा अगदीं वरचा बिंदु पुढें जात असतो, आणि तेथें प्रत्येक तार हवेला कापीत जाते. म्हणून तारा थोड्या ठेवून चाकाची कड आंतल्या बाजूस वाढवीत आणली, कीं हवा अंगावरून सुरळीत वाहून जाते. ही कड वाढतां वाढतां थेट मध्यापर्यंत नेली म्हणजे तारा नाहींतशा होऊन चाकाची एक बंद तबकडीच बनते. मागच्या चाकाची अशी तबकडी चालते. पुढचें चाक असें बंद केलें तर आडव्या वाऱ्यांत हँडल हातांत राहणें कठीण. हवाईमध्यें कोना येथील शर्यतींत, लाव्हाच्या उजाड पठारावरून सुटणाऱ्या वाऱ्यांमुळें, मागच्या तबकडीसही दीर्घकाळ मनाई होती.

येथें एक गोष्ट सांगून ठेविली पाहिजे, कारण दुकानांत ती सहसा सांगत नाहींत. हवेच्या एकंदर विरोधाचा फार मोठा भाग स्वाराच्या स्वतःच्या देहामुळें उत्पन्न होतो. पाठ वांकवून, कोपर जवळ घेऊन, मान खालीं ठेवून तासन्‌तास बसण्याची संवय ज्यानें केली, त्यानें जें मिळविलें तें कोणत्याही चाकांनीं मिळत नाहीं. आणि त्यास खर्च कांहींच नाहीं, फक्त कंबर दुखते. चाकांनीं वांचतात तीं थोडीं मिनिटें. तीं खोटीं आहेत असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. उलट दुकानदाराचा एक दावा, जो प्रथम ऐकतां शुद्ध लबाडीचा वाटतो, तो खरा आहे. संथ जाणाऱ्याचा वेळ वेगवान्‌ स्वारापेक्षां अधिक वांचतो. कारण तो बिचारा रस्त्यावरच अधिक वेळ असतो.

पैशांचा हिशेब थोडक्यांत आटोपूं. समजा, चाकांची जोडी दोन लाख रुपयांस पडते आणि एका शर्यतीचें भाडें वीस हजार पडतें. म्हणजे दहा शर्यतींनंतर खरेदी फिटली. वर्षाकाठीं एकच शर्यत करणाऱ्यास त्यासाठीं दहा वर्षें लागतील, आणि तितका काळ तीं चाकें उपयोगाचीं राहतील असा भरंवसा नाहीं. अलीकडच्या काळांत कडेवर दाबणारे ब्रेक मागें पडून चकतीचे ब्रेक आले, त्यांबरोबर आंसांचीं मापें बदललीं, आणि लोकांनीं जिवापाड जपलेलीं उत्तम चाकें नव्या सायकलींस बसेनाशीं झालीं. तेव्हां निव्वळ व्यवहार पाहणाऱ्यानें चाकें भाड्यानें आणावीं हें उघड आहे. वरातीचा घोडा कोणी विकत घेत नाहीं. फरक इतकाच, कीं नवरदेवास त्या घोड्यावरून नव्वद किलोमीटर जावयाचें नसतें.

मग आमच्या गृहस्थाचें समाधान कां होत नाहीं? आमच्या मतें त्याचें कारण असें. हा गृहस्थ बक्षिसासाठीं शर्यतींत उतरत नाहीं. त्याचा क्रमांक पांचशेंवा आला कीं सहाशेंवा, जगाला त्याची दखल नाहीं. त्याची स्पर्धा असते ती गेल्या वर्षींच्या स्वतःशीं. पहांटे चार वाजतां उठून, कचेरीच्या आधीं सायकलीवर घाट चढून, सणावारीं पक्वान्नांस नको म्हणून त्यानें जें वर्ष घालविलें, त्याचा निकाल सांगणारें एकच साधन त्याच्यापाशीं आहे, तें म्हणजे घड्याळ. त्या घड्याळानें चार मिनिटें कमी दाखविलीं, तर त्याला जाणून घ्यावयाचें असतें, कीं हीं चार मिनिटें कोणाचीं? माझ्या पायांचीं, कीं त्या चाकांचीं? आणि चाकांचीं असतील, तर विकत घेतलेल्या चाकांचीं मिनिटें भाड्याच्या चाकांच्या मिनिटांहून अधिक माझीं असतात काय? जो प्रश्न पैशांचा म्हणून निघाला तो येथें स्वतःच्या ओळखीचा होऊन बसतो. पावती दाखवून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

शर्यतीचा एक नियम या कोड्यावर चमत्कारिक प्रकाश पाडतो. ऑलिंपिकच्या आंखूड अंतरांत पुढच्या स्वाराच्या पाठीशीं लागून त्याच्या आडोशानें जाणें चालतें. परंतु दीर्घ अंतराच्या ट्रायथ्लॉनमध्यें त्यास सक्त मनाई आहे. ठराविक अंतर राखलें पाहिजे; न राखल्यास पंच दंड करतात, आणि दंडाचीं मिनिटें थांबून भोगावीं लागतात. म्हणजे दुसऱ्याच्या देहाआड लपून वारा चुकविणें हा अपराध आहे, पण दुसऱ्याचीं चाकें भाड्यानें आणून वारा चुकविणें हा अपराध नव्हे. वारा तोच, चुकविणें तेंच. मग एक निषिद्ध आणि दुसरें विहित, हें कसें? कोणी म्हणेल, चाकांचे पैसे मोजलेले असतात, आडोसा फुकटचा असतो. हें उत्तर टिकत नाहीं. उद्यां एखाद्या श्रीमंतानें मजुरी देऊन एक धिप्पाड स्वार आपल्या पुढें चालविला, तर पंच त्याला सोडतील काय? खरें उत्तर असें दिसतें, कीं शर्यत सुरू झाल्यावर दुसऱ्याकडून मिळालेलें साहाय्य तेवढें परकें मानावयाचें, आणि तत्पूर्वीं जें जें पदरांत पाडून घेतलें तें सर्व त्या स्पर्धकाचें मानावयाचें, असा या खेळाचा संकेत आहे. गुरूनें शिकविलें, बायकोनें मुलें सांभाळलीं, वैद्यानें गुडघा बरा केला, कारागिरानें चाक घडविलें. हें सगळें आदल्या रात्रीपर्यंत घडलें म्हणून तें त्याचें. संकेत म्हणून हें ठीक आहे. कोठें तरी रेघ ओढावीच लागते. पण आदल्या रात्रीपर्यंत जें मिळालें तें सगळें सारखेंच आपलें झालें काय, हा प्रश्न त्या रेघेनें झांकला जातो, सुटत नाहीं.

सायकलीच्या शर्यतींचा इतिहास पाहिला तर ही रेघ ओढण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आणि बहुतेक फसले, असें दिसून येतें. जॉन डनलॉप यानें 1888 सालीं बेलफास्ट येथें हवेनें फुगविलेला टायर तयार केला. पुढच्याच वर्षीं विल्यम ह्यूम नांवाच्या स्वारानें असले टायर लावून शर्यती जिंकल्या. जिंकलें कोण, ह्यूम कीं टायर? थोड्याच वर्षांत सर्वांनीं ते टायर घेतले, आणि प्रश्न कोणी न सोडवितांच मिटला.

टूर द फ्रान्स या शर्यतीचा जनक आंरी देग्रांज हा या बाबतींत मोठा कर्मठ गृहस्थ होता. चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याची यांत्रिक सोय त्यानें आपल्या स्पर्धकांस कित्येक वर्षें वापरूं दिली नाहीं. शर्यतीचीं सूत्रें त्याच्या हातून गेल्यावर, 1937 सालीं, ती मोकळी झाली. 1930 सालीं तर त्यानें सायकलीच्या कारखानदारांस दूर सारून प्रत्येक स्वारास शर्यतीच्या चालकांकडून सारख्याच पिवळ्या सायकली देवविल्या. कोणाचीही सायकल स्वतःची नाहीं; सर्वांस ती सारखीच परकी. कारखानदारांचा वरचष्मा मोडावा हा त्यांतील हेतु; परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें तो प्रयोग फार मार्मिक आहे. सर्वांचें साधन उसनें करून टाकलें, तर शिल्लक राहील तो केवळ मनुष्य, असें आपणांस वाटतें. पण त्या सारख्या सायकलींवर बसणारे पाय सारखे नव्हते, आणि त्यांस लाभलेले सोबतीही सारखे नव्हते. एक विषमता झांकली कीं दुसरी उघडी पडते.

याहून बोधप्रद गोष्ट तासाच्या विक्रमाची. एकट्या स्वारानें एका तासांत किती अंतर कापलें, एवढेंच यांत पाहावयाचें असतें. यापेक्षां निर्मळ स्पर्धा कल्पितांही येणार नाहीं. बेल्जमचा एडी मर्क्स यानें 1972 सालीं मेक्सिको शहरीं 49.431 किलोमीटर अंतर कापलें. त्याच शहरीं 1984 सालीं इटलीचा फ्रान्चेस्को मोझेर बंद तबकड्यांचीं चाकें घेऊन उतरला व 51.151 किलोमीटर गेला. 1993 सालीं स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री यानें नॉर्वेंत हामार येथें 51.596 किलोमीटरचा विक्रम केला. ती सायकल त्यानें आपल्या हातानें बांधली होती, आणि तिच्यांत कपडे धुण्याच्या यंत्रांतील बेअरिंग बसविलें होतें. पुढें या खेळाच्या आंतरराष्ट्रीय मंडळास असें वाटूं लागलें, कीं विक्रम माणसांचे राहिले नसून यंत्रांचे झाले आहेत. म्हणून 2000 सालीं मंडळानें मर्क्सच्या सायकलीसारखी सायकल हीच कसोटी ठरवून मधले विक्रम एका निराळ्या यादींत ढकलले. आणि 2014 सालीं, पुरीं चौदा वर्षें हा सोंवळेपणा पाळल्यावर, मंडळानें तो सोडून दिला. वस्तुतः मर्क्सची सायकल तरी कोठें साधी होती? ती पावणेसहा किलोंच्या आंतबाहेर वजनाची, मुद्दाम त्या एका तासासाठीं घडविलेली, जागोजाग भोकें पाडून हलकी केलेली होती. मंडळानें यंत्राविरुद्ध मनुष्याचा कैवार घेतला असें दिसलें, तरी खरोखर त्यानें नव्या यंत्राविरुद्ध जुन्या यंत्राचा कैवार घेतला होता.

त्या निराळ्या यादींत मोझेर व ओब्री यांस शेजारीं शेजारीं बसविलें, हें आम्हांस विशेष खटकतें. एकाच्या मागें शास्त्रज्ञांची सभा होती. दुसऱ्यानें रद्दींतून लोखंड उचलून आपली कल्पना उभी केली होती. नियमाच्या डोळ्यांस हा भेद दिसत नाहीं, आणि दिसावा अशी अपेक्षाही करतां येत नाहीं.

आणखी एक उदाहरण, कारण तें ट्रायथ्लॉनच्या घरचें आहे. 1989 सालच्या टूर द फ्रान्समध्यें शेवटच्या दिवशीं अमेरिकेचा ग्रेग लमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या मागें पन्नास सेकंद होता, आणि व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर एकट्याएकट्यानें जावयाचें तेवढें उरलें होतें. लमाँडनें हँडलास पुढें आलेले दांडे लावले होते. कोपर टेकवून, हात जुळवून, देह हवेंत सुरीसारखा घालण्याची ही युक्ति ट्रायथ्लॉनवाल्यांकडून आलेली. फिन्याँपाशीं ते दांडे नव्हते. तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची ती शर्यत लमाँडनें अखेर आठ सेकंदांनीं जिंकली. हीं आठ सेकंदें दांड्यांचीं होतीं असें म्हणणारे आजही भेटतात. त्यांस आमचें एवढेंच सांगणें, कीं लमाँडनें ते दांडे त्या दिवशीं पेटींतून काढले नव्हते; त्याच शर्यतींत, आधींच्या एका मोठ्या टप्प्यावर, तो त्यांवर कोपर टेकवून गेलाच होता. त्या आसनाची त्याच्या पाठीस ओळख होती.

ओळख हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. मनुष्य व साधन यांमधील रेघ नियमानें बाहेरून ओढतां येत नाहीं. ती वापरानें आंतून ओढली जाते व वापरानेंच पुसली जाते, असें आमचें मत आहे. अरिस्टॉटलनें आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत संपत्तीचें लक्षण सांगतां सांगतां असा विचार मांडला आहे, कीं संपन्नता ही मालकीपेक्षां उपभोगांत अधिक असते. त्यास धनिकांचें वर्णन करावयाचें होतें; पण तो विचार साधनांस अधिकच लागू पडतो. आमच्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर अर्जुनाचें गांडीव घ्या. त्या धनुष्यास अर्जुनाचें म्हणून सारें जग ओळखतें. तें खरोखर होतें कोणाचें? खांडववन जाळण्याच्या प्रसंगीं अग्नीनें तें वरुणाकडून मागून आणून अर्जुनास दिलें. आणि पांडव महाप्रस्थानास निघाले तेव्हां अग्नि पुन्हां वाटेंत उभा राहिला व धनुष्य वरुणास परत करण्यास त्यानें सांगितलें, म्हणून अर्जुनानें तें पाण्यांत सोडलें. म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत तें मागून आणलेलेंच. तरी त्यास उसनें धनुष्य म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं, कारण अर्जुनाचे हात त्यावर घडले होते. याच्या उलट प्रसंगही तेथेंच आहे. यादवांच्या स्त्रियांस द्वारकेहून नेत असतां आभीरांनीं गांठलें, तेव्हां तेंच गांडीव अर्जुनाच्या हातीं होतें, पण तें चढवितांना त्याला कष्ट पडले व अस्त्रें त्याला आठवेनात. धनुष्य त्याच्यापाशीं होतें. अर्जुन त्याच्यापाशीं राहिला नव्हता.

आतां हा विचार चाकांस लावून पाहूं. ट्रायथ्लॉनच्या मंडळींत एक शहाणपणाचा नेम आहे, कीं शर्यतीच्या दिवशीं नवें कांहींही करूं नये. नवे बूट नकोत, नवा खाऊ नको, नवा चष्मा सुद्धां नको. भाड्याच्या चाकाचें वर्म नेमकें येथें आहे. तें शर्यतीच्या दोन दिवस आधीं खोक्यांतून येतें. त्यास आपले दांतचक्र जुळेल कीं नाहीं, ट्यूबची नळी उंच कडेंतून बाहेर पोंचेल कीं नाहीं, कार्बनच्या कडेवर चालणारे ब्रेकचे रबर बरोबर आले आहेत कीं नाहींत, यांतच एक संध्याकाळ जाते. तीं कडेवर ब्रेक लागणारीं चाकें असलीं, तर कार्बनची कड पावसांत ओली झाल्यावर ब्रेक उशिरानें धरतो. तो किती उशिरानें धरतो, हें उतारावर प्रथमच कळणें बरें नव्हे. आणि वारा! सपाट मोकळ्या पुलावर किंवा दोन इमारतींमधल्या फटींतून वाऱ्याचा झोत आला म्हणजे उंच कडेचें पुढचें चाक शिडासारखें ओढलें जातें. संवय असलेल्याचें मनगट तो झोत येतांच आपोआप सैल पडतें. संवय नसलेला हँडल आंवळून धरतो, दचकून पाठ सरळ करतो, आणि त्या एका दचकण्यांत, चाकांनीं जें वांचविलें तें त्याच्या ताठ झालेल्या छातीवर हवा वसूल करून घेते.

पण हें सर्व वाचून जो मनांत म्हणेल कीं 'म्हणूनच मी विकत घेतलीं', त्यालाही आम्ही सोडणार नाहीं. विकत घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांची रीत आम्हांस ठाऊक आहे. तीं चाकें मोलाचीं, रस्ते खड्ड्यांचे. म्हणून तीं पिशवींत घालून कपाटावर ठेवावयाचीं, आणि वर्षांतून एकदां, शर्यतीच्या आदल्या दिवशीं, उतरवावयाचीं. अशा मालकांत आणि भाडेकऱ्यांत फरक काय राहिला? भाडेकरू एका दिवसाचें भाडें देतो. हा तीनशें पासष्ट दिवसांचें भाडें देऊन एकच दिवस वापरतो. पावतीवर नांव असल्यामुळें चाकाशीं ओळख होत नाहीं. उलट चार आठवड्यांसाठीं भाड्यानें आणून, त्यांवर चार रविवार वाऱ्यापावसांत गेलेला मनुष्य, आमच्या दृष्टीनें त्या चाकांचा अधिक खरा मालक आहे.

भाड्याच्या बाजूनें आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या समाजांत उसन्या वस्तूची टवाळी करण्याची जुनी रीत आहे, आणि 'ऋण काढून सण' हे शब्द आपल्या ओठांवर नेहमीं तयार असतात. ही टवाळी बहुधा ज्यांस उसनें घेण्याची गरज पडत नाहीं तेच करतात. ज्याला दोन लाख देणें जड नाहीं त्याच्या चाकांकडे पाहून हीं मिनिटें कोणाचीं असें कोणी विचारीत नाहीं. पगारदार शिक्षकानें तींच चाकें भाड्यानें आणलीं कीं विचारतात. प्रश्न विचारावयाचाच असेल तर दोघांसही विचारावा. भाड्याच्या सोयीमुळें एका दिवसापुरती तरी ही असमानता थोडी कमी होते. तेवढ्यासाठीं आम्ही त्या धंद्यास बरें म्हणूं, जरी त्याचा हेतु समानता हा नसला तरी.

राहिला तो मिनिटांचा प्रश्न. ज्यास स्वतःची परीक्षा पाहावयाची आहे, त्यानें चाकें भाड्यानें आणावीं कीं विकत घ्यावीं यापेक्षां, गेल्या वर्षीं कोणतीं होतीं याकडे लक्ष द्यावें. साधीं चाकें होतीं तर याही वर्षीं साध्या चाकांवर जावें. मग घड्याळ जें सांगेल तें पायांविषयींच सांगेल. ज्यास तो दिवस जास्तींत जास्त वेगानें जाण्याचा आनंद हवा आहे, त्यानें खुशाल भाड्यानें आणावीं, आपल्या वहींत वेळेसमोर तीं चाकें स्पष्ट लिहावीं, आणि दुसऱ्या दिवशीं निर्वेध मनानें परत पाठवावीं. भाड्याच्या वस्तूचा हा एक गुण विकतच्या वस्तूंत नाहीं: ती परत जाते, आणि ती गेल्यावर मागें आपण किती उरलों तें दिसतें. विकत घेणाऱ्यानें मात्र मनाशीं एक अट घालून घ्यावी. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या धुळींत तीं चाकें फिरवावयाची छाती असेल तरच घ्यावीं. तीं झिजतील, एखादे वेळीं खड्ड्यांत तडकतीलही. ज्यास तें सोसणार नाहीं त्यास, दुकानदार कांहींही म्हणो, तीं अजून परवडलेलीं नाहींत.

एक तिसराही मार्ग आहे, ज्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. चौघां स्नेह्यांनीं मिळून एक जोडी घ्यावी, पाळीपाळीनें तिच्यावर सराव करावा, आणि प्रत्येकानें आपली शर्यत निराळी निवडावी. खर्च जवळजवळ भाड्याएवढा, सराव मालकाएवढा. अडचण एकच. महाराष्ट्रांतील हौशी मंडळींस गोव्याची शर्यत जवळची, आणि ती वर्षांतून एकदांच भरते. त्यामुळें चौघांसही चाकें एकाच रविवारीं हवीं असतात. मग चिठ्या टाकाव्या, कीं सर्वांत वेगवान्‌ असेल त्यास द्यावीं, कीं सर्वांत संथ असेल त्यास, कारण त्याचींच मिनिटें अधिक वांचावयाचीं? आम्हांस विचाराल तर ज्यानें वर्षभर त्यांवर सर्वांत अधिक सराव केला त्यास द्यावीं. पण तो कोण, हें चौघांनीं आपसांत ठरवावयाचें आहे, आणि तें गोव्याची गाडी सुटण्याच्या आदल्या आठवड्यांत ठरेल असें आम्हांस वाटत नाहीं.